दोन कार्बनचे टोपण : कडू कवठीचे तेल, एथिल गट आणि कुष्ठरोगाच्या औषधाची गोष्ट



"डॉक्टर, पाठीवर एक फिकट चट्टा आहे. खाजत नाही, दुखत नाही. गावाहून कडू कवठीचे तेल आणले आहे, तेच लावत राहू का?"

कोकणात दवाखाना चालवणाऱ्या कोणालाही हा प्रश्न नवा नाही. याचे छोटे उत्तर असे : नाही, आधी चट्टा दाखवा. जो चट्टा खाजत नाही आणि दुखत नाही, तोच सर्वांत आधी तपासायला हवा.

मोठे उत्तर मात्र एका लेखाइतके आहे, कारण हे तेल म्हणजे नुसती खुळी समजूत नाही. १९४० च्या दशकापर्यंत कुष्ठरोगावर जगभरच्या डॉक्टरांजवळ सांगण्यासारखे औषध होते ते याच कुळातल्या झाडांच्या बियांचे तेल. ते तेल रुग्णाच्या अंगात नीट जावे म्हणून रसायनशास्त्राने त्याच्या रेणूला एक इवलासा तुकडा जोडला. दोन कार्बन आणि पाच हायड्रोजन, एवढाच. त्याला एथिल गट म्हणतात. आज त्या तुकड्याचा इतिहास सांगतो. तो वाचल्यावर बाटलीतल्या तेलाचे काय करायचे हे तुम्हाला वेगळे सांगावे लागणार नाही.

पश्चिम समुद्राकाठचे झाड

आधी एक घोळ मिटवू. आपण ज्याची चटणी करतो ते कवठ वेगळे आणि कडू कवठ वेगळे. कडू कवठ किंवा कडू कवठी हे सह्याद्रीच्या उतारांवर आणि कोकण, गोवा, मलबारच्या पट्ट्यात ओढ्याकाठी वाढणारे सदाहरित झाड आहे. फळ गोल, टणक सालीचे. आत गरात रुतलेल्या तेलकट बिया. गोव्याकडे याला खष्ट आणि तेलाला खष्टेल म्हणतात, मलबारात मरोट्टी. पूर्वी हे तेल दिव्यात जळायचे आणि अंगावरच्या खरजेला, जखमांना लावले जायचे.

सुश्रुतसंहितेत 'तुवरक' नावाच्या झाडाचे वर्णन आहे. ते पश्चिम समुद्राच्या काठच्या भूमीत वाढते, असे तिथे स्पष्ट सांगितले आहे. त्याच्या बियांचे तेल काढून कुष्ठावर द्यावे, आणि ते प्यायल्यावर उलट्या-जुलाब होतात, असेही सांगितले आहे. हे तुवरक म्हणजे आपली कडू कवठी, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. उलट्यांचा तो उल्लेख लक्षात ठेवा. पुढची जवळजवळ सगळी गोष्ट त्या उलट्यांभोवतीच फिरते.

पूर्वेकडे ब्रह्मदेशात आणि आसामच्या बाजूला याच कुळातले दुसरे झाड आहे. त्याच्या तेलाला बाजारात चालमोगरा म्हणत. कोलकात्यात फ्रेडरिक मोआट या डॉक्टरांनी १८५४ मध्ये चालमोगऱ्यावर लेख लिहिला, आणि तिथून हे औषध पाश्चात्त्य वैद्यकात शिरले.

भाऊ दाजी आणि रत्नागिरी

त्याच सुमारास मुंबईत एक मराठी डॉक्टर हाच शोध घेत होते. डॉ. भाऊ दाजी लाड मूळचे गोव्यातल्या मांद्र्याचे आणि ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतले. १८५१ मध्ये ते पदवीधर झाले. मुंबईत आज ज्या संग्रहालयाला त्यांचे नाव आहे, त्यामुळे आपण त्यांना पुराणवस्तूंचे आणि शिलालेखांचे अभ्यासक म्हणून ओळखतो. पण जुन्या ग्रंथांतली औषधे रुग्णावर पारखून पाहायची हा त्यांचा दुसरा ध्यास होता. कुष्ठरोग्यांना ते एक औषध देत आणि त्याने गुण येतो, अशी त्यांची ख्याती झाली. औषध काय आहे हे मात्र त्यांनी फार काळ उघड केले नाही. यावरून व्यवसायबंधूंनी त्यांच्यावर टीकाही केली. त्यात मुख्य होते ते कडू कवठीचे तेल. पुढे भाऊंना पक्षाघाताने गाठले आणि १८७४ मध्ये ते गेले. उपचाराची पद्धतशीर नोंद त्यांच्या हातून व्हायची राहिली.

रत्नागिरीला हा रोग परका नव्हता. जुन्या माणसांच्या तोंडी त्याला महारोग किंवा रक्तपिती म्हणत. १८७० च्या दशकात मुंबईचे गिरणीमालक दिनशॉ माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून रत्नागिरीत कुष्ठरोग्यांसाठी रुग्णालय उभे राहिले. मुंबईत माटुंगा-वडाळ्याचा आश्रम, म्हणजे आजचे अ‍ॅकवर्थ रुग्णालय, त्यानंतर १८९० मध्ये निघाला.

अशा ठिकाणी रुग्णाला काय मिळत असेल, याचा विचार करा. छप्पर, दोन वेळचे जेवण, जखमांना मलमपट्टी. आणि तेल. बाकी काही नव्हतेच.

तेलाची अडचण

१८७३ मध्ये नॉर्वेत हॅन्सनने कुष्ठरोगाचा जंतू दाखवला. आता शत्रू माहीत झाला होता आणि त्याच्यावर चालेल असे एक तेलही होते. प्रश्न होता तेल आत कसे पोहोचवायचे हा.

वरून चोळले तर ते कातडीत फारसे खोल जात नाही, आणि जंतू तर मज्जातंतूंमध्ये दडून बसलेला असतो. पोटातून दिले तर मळमळ आणि उलट्या. महिनोन्‌महिने रोज असे तेल पिणे फार थोड्यांना जमे. बहुतेक जण कंटाळून सोडून देत.

शिवाय बियांत आणि तेलात असते ते सगळे निरुपद्रवी नसते. १९१० च्या अखेरीस जर्मनीत हॅम्बुर्गच्या परिसरात शेकडो लोकांना एकाएकी उलट्या सुरू झाल्या. तपासात कळले की स्वस्त मार्गारीनमध्ये भारतातून आलेले मरोट्टीचे तेल मिसळले होते. त्याचे नाव कारखान्यात कोणी ऐकले नव्हते, म्हणून ते इतर खाद्यतेलांसारखेच धरले गेले. आपल्या झाडाच्या तेलाने परदेशात केलेला हा पराक्रम फारसा कोणाला ठाऊक नाही.

मग सुई का नाही? १८९४ मध्ये इजिप्तमध्ये एका रुग्णाला हे तेल कातडीखाली टोचून पाहिले गेले. उलट्या टळल्या, पण नवी अडचण आली. तेल दाट असते, सुईतून मोठ्या कष्टाने उतरते आणि टोचलेल्या जागीच थिजून राहते. तिथे गाठ होते, सूज येते, कधी पू होतो. आठवड्याला दोन-तीन टोचण्या म्हटल्या तर काही महिन्यांत दंड, मांड्या आणि पाठ गाठींनी भरून जायची. ज्या रोगात आधीच अंगावर गाठी येतात, त्या रोगाचे औषध आणखी गाठी देत होते.

तेलाच्या रेणूत काय असते?

इथे थोडे रसायनशास्त्र लागेल. घाबरू नका, दोनच चित्रे डोळ्यांपुढे आणायची आहेत.

पहिले चित्र तिवईचे. खोबरेल असो, शेंगदाण्याचे असो की कडू कवठीचे, कोणत्याही तेलाचा रेणू तिवईसारखा असतो. वरची छोटी बैठक म्हणजे ग्लिसरॉल, म्हणजे आपले नेहमीचे ग्लिसरीन. तिला जोडलेले तीन लांब पाय म्हणजे मेदाम्ले. तेलातेलांत फरक पडतो तो या पायांमुळे.

कडू कवठीचे पाय जगावेगळे आहेत. १९०४ आणि १९०५ मध्ये लंडनमधल्या वेलकम प्रयोगशाळेत फ्रेडरिक पॉवर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या तेलांतून दोन नवी आम्ले वेगळी केली. एक चालमोगरिक आम्ल, त्यात १८ कार्बन. दुसरे हिड्नोकार्पिक आम्ल, त्यात १६. नेहमीचे मेदाम्ल सरळ साखळीसारखे असते. यांच्या साखळीच्या टोकाला मात्र पाच कार्बनचे एक कडे असते. प्रयोगशाळेत ही आम्ले क्षयाच्या कुळातल्या जंतूंची वाढ रोखताना दिसली आहेत, आणि कुष्ठरोगाचा जंतू त्याच कुळातला.

म्हणजे कामाचे होते ते पाय. बैठक नुसते ओझे होते. मग पाय मोडून तेवढेच टोचावेत? तसेही चालत नाही. मोडलेल्या पायाच्या टोकाला आम्लाचा भाग उघडा पडतो आणि तो मांसाला झोंबतो.

आता दुसरे चित्र, पेनाच्या टोपणाचे. मोडलेला पाय घ्या आणि त्याच्या झोंबणाऱ्या टोकावर एक छोटे टोपण बसवा. हे टोपण म्हणजे एथिल गट. तो येतो साध्या अल्कोहोलमधून. अल्कोहोल म्हणजे एथिल गटाला चिकटलेला ऑक्सिजन-हायड्रोजनचा एक जोड. आम्ल आणि अल्कोहोल एकत्र करून त्यात थोडे तीव्र आम्ल घालून तापवले, की पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो आणि टोपण बसते. तयार होतो त्याला एथिल एस्टर म्हणतात.

'एथिल' हे नाव जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग यांनी १८३४ मध्ये दिले. ते 'ईथर'वरून आले आहे. तोच ईथर, ज्याने १८४६ मध्ये बॉस्टनला शस्त्रक्रियेतली वेदना थांबवली. त्याच्या रेणूत एका ऑक्सिजनच्या दोन्ही बाजूंना एकेक एथिल गट असतो.

या टोपणाने काय बदलले? तिवईचे रेणुभार सुमारे ८८० होते. चालमोगरिक आम्लाच्या एथिल एस्टरचे ३०८. जड, दाट तेलाच्या जागी पातळ द्रव आला. तो सुईतून सहज उतरतो, मांसात पसरतो, गाठ करून बसत नाही. शरीरातली विकरे म्हणजे एन्झाइम्स हळूहळू टोपण काढतात आणि आम्ल मोकळे करतात. उरलेले टोपण पुन्हा अल्कोहोल होते, तेही इतके थोडे की यकृताला त्याचा पत्ताही लागू नये.

इथे एक चूक दुरुस्त करतो, कारण ती बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळते. एथिल गट जोडल्याने तेल पाण्यात विरघळू लागले, असे लिहिले जाते. तसे झाले नाही. एथिल एस्टर पाण्यात विरघळत नाही. तो पातळ असतो, एवढेच. पाण्यात विरघळणारे रूप वेगळे होते. कोलकात्यात सर लिओनार्ड रॉजर्स यांनी याच आम्लांचा सोडियम क्षार केला, म्हणजे एका परीने साबणच, आणि तो शिरेतून द्यायला सुरुवात केली. पण साबणाने शिरेला सूज येई आणि शीर बंद पडे.

दोन कार्बनऐवजी एकच कार्बन असलेले टोपणही बसवता येते. त्याला मिथिल गट म्हणतात. पण ते सुटल्यावर मिथिल अल्कोहोल तयार होते, आणि ते विष आहे. २०१५ मध्ये मुंबईत मालवणीच्या विषारी दारूने शंभरावर माणसे मेली, ती याच मिथिल अल्कोहोलने. फरक फक्त एका कार्बनचा.

अ‍ॅलिस बॉल

एथिल एस्टरची कल्पना कोणा एकाची नव्हती. जर्मनीत बायर कंपनीने असे एक औषध 'अँटिलेप्रोल' नावाने आधीच बाजारात आणले होते. पण दवाखान्यात करता येईल अशी साधी कृती सापडली ती हवाई बेटांवर, एका तेवीस वर्षांच्या मुलीला.

हवाईत कुष्ठरोग झाला की सरकार माणसाला धरून मोलोकाई बेटावर नेऊन टाकत असे. १८६६ पासून शंभर वर्षांत सुमारे ८००० लोकांना असे घरापासून तोडले गेले. होनोलुलूच्या कलिही रुग्णालयातले डॉ. हॅरी हॉलमन यांना टोचता येईल असे तेल हवे होते. त्यांनी तिथल्या कॉलेजमध्ये रसायनशास्त्र शिकवणाऱ्या अ‍ॅलिस बॉल यांना विचारले. १८९२ मध्ये सिअ‍ॅटलला जन्मलेल्या अ‍ॅलिस कृष्णवर्णीय अमेरिकन होत्या. १९१५ मध्ये त्या कॉलेजातून एम. एस. झालेल्या त्या पहिल्या स्त्री. दिवसा शिकवायचे आणि उरलेल्या वेळात तेलावर काम करायचे, असे करून त्यांनी तेलातली आम्ले वेगळी करण्याची आणि त्यांचे एथिल एस्टर करण्याची पद्धत बसवली.

ते काम छापून येण्याआधीच त्या आजारी पडल्या आणि ३१ डिसेंबर १९१६ रोजी, वयाच्या चोविसाव्या वर्षी वारल्या. कॉलेजचे अध्यक्ष आर्थर डीन यांनी काम पुढे नेले, छापले, आणि त्यात अ‍ॅलिसचे नाव घेतले नाही. १९२२ मध्ये हॉलमन यांनी आपल्या लेखात ही पद्धत बॉल यांची आहे असे लिहिले, पण तोवर 'डीन पद्धत' हे नाव रूढ झाले होते. अभ्यासकांनी जुने कागद काढेपर्यंत १९७० चे दशक उजाडले. २००० मध्ये हवाई विद्यापीठाने आवारातल्या चालमोगऱ्याच्या झाडापाशी त्यांच्या नावाचा फलक लावला.

भाऊ दाजींचे काम नोंदीअभावी विस्कटले. अ‍ॅलिसचे काम नोंदले गेले, पण दुसऱ्याच्या नावावर. मलमाच्या डबीवर किंवा इंजेक्शनच्या बाटलीवर अशा माणसांची नावे कधी नसतात.

थिबा राजाच्या मुलखातले बी

एथिल एस्टर टोचून कलिही रुग्णालयातले ७८ रुग्ण घरी सोडले गेले, ही बातमी १९२० च्या सुमारास जगभर गेली आणि चालमोगऱ्याच्या बियांना एकदम मागणी आली. अमेरिकी सरकारने वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ रॉक यांना झाडाच्या शोधात पाठवले. सयाममधून ते उत्तर ब्रह्मदेशात, चिंदविन नदीच्या खोऱ्यातल्या जंगलात पोहोचले आणि तिथे त्यांना झाडे व बिया मिळाल्या. ब्रह्मी लोक या झाडाला कलाव म्हणतात. कुष्ठरोग झालेला एक राजपुत्र राज्य सोडून जंगलात गेला आणि कलावची फळे खाऊन बरा झाला, अशी त्यांच्याकडे दंतकथा आहे.

रत्नागिरीकरांना इथे थांबावेसे वाटेल. हा मुलूख थिबा राजाचा होता. इंग्रजांनी १८८५ मध्ये त्याचे राज्य घेतले आणि १८८६ पासून त्याला रत्नागिरीत ठेवले. डिसेंबर १९१६ मध्ये, म्हणजे ज्या महिन्यात अ‍ॅलिस बॉल गेल्या त्याच महिन्यात, तो रत्नागिरीत वारला. ज्या जंगलातले बी पुढे सगळ्या जगाने शोधले, त्या जंगलाचा राजा तीस वर्षे इथे बंदी होता. आणि त्या झाडाचे सख्खे भावंड सह्याद्रीच्या ओढ्याकाठी उभे होते.

भारतातल्या डॉक्टरांना मग कळले की ब्रह्मदेशाकडे पाहायची गरजच नाही. कोलकात्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये डॉ. अर्नेस्ट म्यूर यांनी १९२० च्या दशकात आपल्या पश्चिम किनाऱ्यावरच्या कडू कवठीचे तेल पसंत केले, कारण ते ताजे मिळे. त्याच्या एथिल एस्टरमध्ये कापूर, क्रिओसोट आणि ऑलिव्ह तेल मिसळून त्यांनी एक मिश्रण केले आणि ते देशभरच्या कुष्ठरोग दवाखान्यांत गेले.

पुढे आणखी एक गोष्ट उमगली. जुन्या, खवट तेलात तिवया आपोआप मोडलेल्या असतात आणि उघडी आम्ले झोंबतात. तेल ताजे आणि शुद्ध असेल, तर त्यात थोडे क्रिओसोट घालून तसेच टोचले तरी बरेच रुग्ण ते सहन करतात. म्हणून काही ठिकाणी स्वस्तातले साधे तेल पुन्हा वापरात आले. एथिल टोपण उपयोगी होते. पण त्याच्यावाचून सारे अडत होते असे नाही.

मग रोग बरा होत होता का?

काही जणांचा होत होता. रोग सुरुवातीला असेल, चट्टे थोडे असतील, तर ते मिटताना दिसत. पण अशा रुग्णांपैकी काही जण औषधाविनाही बरे होतात, हे आता माहीत आहे. ज्यांच्या अंगात जंतूंची संख्या मोठी होती, त्यांना पूर्ण गुण क्वचितच आला. हवाईतल्या त्या ७८ जणांपैकीही काही परत आले.

खात्रीने सांगणे अवघड होते, याला एक कारण आहे. कुष्ठरोगाचा जंतू काचेच्या बशीत वाढतच नाही. आजही वाढत नाही. उंदराच्या पायात तो थोडा वाढवता येतो, हे कळायला १९६० उजाडले. तोवर औषध खरेच जंतू मारते आहे की रोग आपोआप ओसरतो आहे, हे पाहायचे साधन नव्हते. डॉक्टरही आशेवर जगत होते आणि रुग्णही.

टोपणामुळे औषध दारातून आत गेले. आत गेल्यावर ते पुरेसे जोरदार आहे का, हा प्रश्न वेगळा होता, आणि त्याचे उत्तर बहुतेक वेळा 'नाही' असे होते. कुठलेही नवे रूप बाजारात आले, 'लवकर शोषले जाते' अशी जाहिरात दिसली, की हे दोन प्रश्न वेगळे ठेवायची सवय तुम्हीही लावून घ्या.

खरे उत्तर दुसरीकडून आले. १९४१ मध्ये अमेरिकेत सल्फोन गटातले प्रोमिन वापरून पाहिले गेले आणि १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धात भारतात डॉ. रॉबर्ट कॉक्रेन आणि इतरांनी डॅप्सोन द्यायला सुरुवात केली. डॅप्सोनमध्ये ना पाच कार्बनचे कडे, ना एथिल टोपण. एका गंधकाच्या दोन्ही बाजूंना दोन बेंझिनची कडी. ती गोळी स्वस्त होती आणि तोंडाने घेता येत होती. पुढे जंतू डॅप्सोनला दाद देईनासे झाले, तेव्हा जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ मध्ये रिफाम्पिसिन, क्लोफाझिमिन आणि डॅप्सोन एकत्र देण्याची शिफारस केली. हीच बहुऔषधी पद्धत, म्हणजे एमडीटी. ती ज्या जिल्ह्यांत सर्वांत आधी राबवली गेली, त्यांत आपला वर्धा होता. कडू कवठीच्या तेलाचे काम तिथे संपले.

टोपण अजून वापरात आहे

एथिल गटाची युक्ती मात्र संपली नाही. तुमच्या घरात कोणी ट्रायग्लिसराइड कमी करायला ओमेगा-३ च्या कॅप्सूल घेत असेल, तर पाकिटावरचे बारीक अक्षर वाचा. 'एथिल एस्टर' असे शब्द बहुधा सापडतील. माशाच्या तेलाची तिवई मोडायची, पायांना एथिल टोपण घालायचे, आणि मग हवी ती आम्ले वेगळी काढून घट्ट करायची. गर्भनलिका मोकळ्या आहेत की नाहीत हे एक्स-रेवर पाहताना काही वेळा वापरले जाणारे आयोडीनयुक्त तेलही खसखशीच्या तेलाच्या एथिल एस्टरचेच असते. अ‍ॅलिस बॉल यांनी जे केले, त्याच जातीचे हे काम आहे.

तुमच्यासाठी

आता पुन्हा त्या चट्ट्याकडे येऊ.

डिसेंबर २००५ मध्ये भारताने कुष्ठरोगाचे प्रमाण दहा हजारांत एकाच्या खाली आणले. पण रोग गेलेला नाही. देशात अजूनही दरवर्षी साधारण १ लाख नवे रुग्ण सापडतात, म्हणजे जगातल्या निम्म्याहून अधिक. तेव्हा यातले काही दिसले तर दाखवा :

– फिकट किंवा लालसर चट्टा, ज्यावर स्पर्श, ऊन-गार किंवा टोचणे नीट कळत नाही.
– हातापायांना बधिरपणा. न कळता भाजलेले किंवा न दुखणारी जखम.
– पकड ढिली होणे, बोटे वाकणे, चप्पल पायातून निसटणे, डोळा पूर्ण न मिटणे.
– कानाच्या पाळीवर किंवा चेहऱ्यावर गाठी, कातडी तेलकट चकचकीत होणे.

प्रत्येक चट्टा कुष्ठरोगाचा नसतो. बहुतेक नसतातच. पण ते तपासून ठरवायचे. सरकारी दवाखान्यात तपासणी आणि औषध दोन्ही मोफत आहे. उपचार रोगाच्या प्रकारानुसार ६ किंवा १२ महिन्यांचा असतो, आणि औषध सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत रुग्णाकडून दुसऱ्याला लागण होण्याची शक्यता जवळजवळ संपते. औषध चालू असताना चट्टे एकदम लाल झाले, सुजले, नस दुखू लागली किंवा अशक्तपणा आला, तर औषध बंद करू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना भेटा. घरातल्या इतरांचीही तपासणी करून घ्या.

तेल लावत राहिल्याने तेलापेक्षा वाया जाणाऱ्या महिन्यांचा तोटा मोठा असतो. तेवढ्या काळात नस मरते. जंतू औषधाने मारता येतो, पण मेलेली नस औषधाने परत येत नाही. वाकलेली बोटे दिसतात ती त्या उशिरामुळे, आणि उशीर होतो तो लाजेमुळे. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून आपल्या कायद्यात २०१९ पर्यंत होते, यावरून त्या लाजेचे वय कळेल. तो उल्लेख आता काढला आहे. मनातला काढायचे काम कायदा करणार नाही.

कडू कवठीचे झाड तुमच्या आवारात असेल तर ते तोडू नका. बिया मुलांच्या हाती लागू देऊ नका, तेल पोटात घेऊ नका. त्या झाडाने, औषध नव्हते त्या काळात, कितीतरी माणसांना आशा दिली. आता औषध आहे. त्यामुळे आजीने बाटली पुढे केली तर तिला नाव ठेवू नका. तिच्या पिढीला एवढेच मिळत होते. बाटली फडताळात ठेवा आणि चट्टा घेऊन दवाखान्यात या.